ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

गणपती हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चौदा विद्या कोणत्या असे विचारले, तर चार वेद, सहा वेदांगे आणि न्याय, मीमांसा, पुराणे व धर्मशास्त्र अशी मोजदाद जुन्या पिढीतील मंडळी अजूनही बोटांवर करून दाखवतात. ज्या काळात ही यादी तयार झाली, त्या काळाला ती पुरेशी होती. पुढे रसायनशास्त्र आले, भूगर्भशास्त्र आले, वीज आली, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र आले. यांना या यादीत जागा कोठे द्यायची? आणि उद्या आणखी नवे शास्त्र आले, तर पुन्हा यादी बदलायची का?

शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने हा प्रश्न अंगावर घेतला. जगात माणसाने जे जे जाणले आहे त्याची नव्याने मोजदाद करायची आणि तीही मराठीत करायची, असे त्याने ठरवले. त्यातून 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' या ग्रंथाचे तेवीस भाग तयार झाले. त्या माणसाचे नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. मराठी वाचक त्यांना ज्ञानकोशकार म्हणूनच ओळखतो.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना केतकर जवळचे वाटावेत, याला आणखी एक कारण आहे. त्यांचा जन्म रायपूरचा, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या राजधानीतला. ज्ञानकोशाची कंपनी निघाली ती नागपूरला, तेव्हाच्या मध्य प्रांतात. आणि मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले ते १९३१ साली, आपल्या हैदराबादेत.

रायपूर ते कॉर्नेल

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी झाला. शालेय शिक्षण अमरावतीला आणि पुढचे मुंबईला झाले. त्या काळी हुशार मराठी मुलगा परदेशी गेलाच, तर बहुधा लंडनला जाई. बॅरिस्टर व्हायचे किंवा आय.सी.एस. व्हायचे, हे दोन रस्ते ठरलेले. केतकरांनी तिसरा रस्ता धरला. १९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. तेथे पाच वर्षे अभ्यास करून १९११ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली.

प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला जातीचा. त्याचा पहिला भाग १९०९ साली अमेरिकेतच पुस्तकरूपाने निघाला. मनुस्मृतीतील पुराव्यावरून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास हिंदू समाज कसा होता, हे त्यांनी त्यात तपासले. आज हे वाक्य साधे वाटते. पण त्या वेळची स्थिती आठवून पाहा. मनुस्मृती हा ग्रंथ एकतर डोक्यावर घ्यायचा किंवा पायदळी तुडवायचा, असे दोनच पक्ष होते. केतकरांनी तो पुराव्याचा कागद म्हणून हातात घेतला. हा ग्रंथ कोणत्या काळी लिहिला गेला, लिहिणाऱ्यापुढे कोणते लोक होते, कोणती भांडणे होती, जे नियम लिहिले ते खरोखर पाळले जात होते की पाळले जावेत अशी लेखकाची इच्छा होती, असे प्रश्न त्यांनी विचारले. ग्रंथ कालातीत नसतो, तो आपल्या काळाबद्दल बोलत असतो, ही दृष्टी त्यांना पंचविशीतच आली होती. पुढे ज्ञानकोश लिहितानाही ती त्यांनी सोडली नाही.

या पुस्तकाची पुढची हकीकत फार बोधप्रद आहे. १९१६ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाच्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीच्या व्याख्या करणाऱ्या युरोपीय पंडितांची तपासणी केली आणि त्यांच्याबरोबर केतकरांचीही केली. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती. एक म्हणजे जातीत जन्मलेल्यालाच जातीचे सदस्यत्व मिळते आणि दुसरे म्हणजे जातीबाहेर लग्न करायला बंदी असते. आंबेडकरांनी केतकरांचा मान राखला, या विषयाकडे खुल्या मनाने पाहणारा देशी अभ्यासक म्हणून त्यांचे मोल सांगितले, आणि मग ती व्याख्या दुरुस्त केली. ही दोन लक्षणे वेगळी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायला बंदी घातली की बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही, हे ओघानेच आले. म्हणजे जातीचे मूळ लक्षण एकच, जातीतल्या जातीत लग्न. तेथून आंबेडकरांनी आपला विचार पुढे नेला आणि तो केतकरांच्या फार पलीकडे गेला.

आधीच्याने एक पायरी बांधली, पुढच्याने तिच्यावर उभे राहून तिचा चुकलेला दगड बदलला आणि वरची पायरी बांधली. ज्ञान वाढते ते असे. केतकरांची व्याख्या दुरुस्त झाली म्हणून त्यांचे काम वाया गेले नाही. ती व्याख्या मांडलीच नसती, तर दुरुस्ती कशाची झाली असती?

लंडन, कलकत्ता आणि परत

अमेरिकेहून परतताना केतकर लंडनला थांबले. हिंदू धर्माची घडण आणि त्याचे भवितव्य यांवरचा त्यांचा दुसरा ग्रंथ १९११ साली तेथेच निघाला. तेथेच ईडिथ कोहन या ज्यू कुळातील जर्मन तरुणीशी त्यांची ओळख झाली. १९१२ साली केतकर मायदेशी आले. काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात शिकवले. १९१४ साली कलकत्त्याहून हिंदी अर्थशास्त्रावर आणि हिंदू कायद्याच्या ऐतिहासिक अभ्यासाच्या पद्धतीवर त्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली. सगळी पुस्तके इंग्रजीत. विद्वानांत नाव झाले होते. कोठेतरी प्राध्यापकी धरून आयुष्य सुखाने घालवता आले असते.

ते त्यांनी केले नाही. इंग्रजीत लिहिलेले ज्ञान आपल्या माणसांपर्यंत पोचत नाही, आणि जोपर्यंत एखाद्या भाषेत सर्व ज्ञान बोलता येत नाही तोपर्यंत त्या भाषेचे लोक दुसऱ्यांच्या डोक्याने विचार करतात, या विचाराने त्यांना घेरले होते. कलकत्त्यात त्यांच्यासमोर एक उदाहरणही होते. नगेंद्रनाथ बसूंचा बावीस भागांचा बंगाली विश्वकोश १९११ साली पुरा झाला होता. बंगालीला जे जमले ते मराठीला का जमू नये?

मराठीत तोपर्यंत कोशाचे काम झालेच नव्हते असे नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ पासून होता. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा भरतखंडाचा प्राचीन ऐतिहासिक कोश १८७६ साली निघाला होता. पण एक शब्दांचा कोश आणि दुसरा प्राचीन व्यक्ती-स्थळांचा. बेडकापासून ब्रह्मसूत्रांपर्यंत आणि मुंबईच्या कापडगिरणीपासून मंगळापर्यंत सर्व विषय एका छपराखाली आणणारा ग्रंथ मराठीत नव्हता.

भागधारकांचा ग्रंथ

एवढ्या मोठ्या कामाला पैसा लागणार. राजेरजवाड्यांकडे किंवा सरकारकडे हात पसरणे ही तेव्हाची रीत. केतकरांनी निराळी वाट काढली. त्यांनी नागपूरला रीतसर लिमिटेड कंपनी काढली, 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ'. ग्रंथ काढण्यासाठी कंपनीचे भाग विकायचे आणि आगाऊ वर्गणीदार नोंदवायचे. गिरणी काढायला लोक भाग घेतात, मग विद्येचा कारखाना काढायला का घेऊ नयेत, असा त्यांचा हिशेब. त्यासाठी पीएच.डी. झालेला हा माणूस गावोगाव हिंडला. वकील, मामलेदार, शाळामास्तर, सावकार, ज्याला ज्याला वाचता येत होते त्याच्या ओसरीवर बसून त्याने ज्ञानकोश म्हणजे काय ते समजावून सांगितले. लोक हसले, काहींनी टाळले, आणि पुष्कळांनी वर्गणी भरली. ज्ञानकोश उभा राहिला तो या मध्यमवर्गीय मराठी घरांच्या पैशावर. आपल्यापैकी काही जुन्या घरांत काळसर बांधणीचे ते जाडजूड भाग अजून असतील. ते आपल्या पणजोबांनी वाचनासाठी घेतले असतीलच, पण त्या काळी ते घेणे म्हणजे मराठी भाषेच्या भवितव्यावर लावलेला पैसा होता.

काम पुण्याला सुरू झाले. सहकारी जमवले, ग्रंथालय उभे केले, लेखांची विषयवार वाटणी केली. पहिला भाग १९२० च्या सुमारास बाहेर पडला आणि ते दशक संपण्यापूर्वी तेवीस भाग पूर्ण झाले. फ्रान्समध्ये दिदरोने जो जगप्रसिद्ध विश्वकोश काढला, त्याचे काम १७५१ पासून १७७२ पर्यंत, एकवीस वर्षे चालले होते, आणि त्याच्या मागे युरोपातील नामांकित लेखकांची फौज होती. केतकरांपाशी मूठभर माणसे होती आणि परिभाषा तर जवळजवळ नव्हतीच.

ही परिभाषेची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. एखाद्या शास्त्रावर मराठीत लिहायचे, तर आधी त्यातल्या वस्तूंना नावे हवीत. त्या पिढीतील लेखकांनी नायट्रोजनला नत्र म्हटले, हायड्रोजनला उज्ज म्हटले. शब्द घडवायचे, वाक्यात वापरून पाहायचे आणि वाचकांच्या हवाली करायचे. पुढे काय झाले? उज्ज मेला. आज मराठी शाळेतला मुलगाही हायड्रोजनच म्हणतो. नत्र मात्र जगला. महाराष्ट्रातला शेतकरी खताच्या दुकानात उभा राहून नत्र, स्फुरद, पालाश असे सहज बोलतो, आणि हे शब्द कोणी पंडितांनी घडवले आहेत हे त्याच्या मनातही येत नाही. कोणता शब्द जगेल आणि कोणता मरेल, हे घडवणाऱ्याला आधी कळत नाही. भाषा वापरणारे हजारो लोक मिळून ते ठरवतात. घडवणाऱ्याने फक्त घडवायचे कष्ट घ्यायचे असतात.

प्रस्तावनाच पाच भागांची

केतकरांच्या कोशाची रचना पाहिली म्हणजे ज्ञानाबद्दल त्यांचा विचार काय होता हे ध्यानात येते. सर्वसाधारण कोश पहिल्या पानापासून अकारविल्हे सुरू होतो. अ पासून आरंभ, ज्ञ ला समाप्ती. ही रचना शोधायला सोयीची असते, पण तिच्यात एक मोठा दोष आहे. शेजारशेजारच्या दोन लेखांचा एकमेकांशी संबंध नसतो. आंबा आणि आंबेजोगाई जवळ येतात, कारण त्यांची अक्षरे जवळची आहेत. उलट वैद्यक आणि रसायन यांचे जन्मोजन्मीचे नाते, पण ते वेगवेगळ्या भागांत जाऊन पडतात. असा कोश वाचून माहिती मिळते, पण ती कशाशी कशी बांधलेली आहे हे कळत नाही.

म्हणून केतकरांनी आधी पाच भागांचा प्रस्तावनाखंड काढला. पहिला भाग 'हिंदुस्थान आणि जग', दुसरा 'वेदविद्या', तिसरा 'बुद्धपूर्व जग', चौथा 'बुद्धोत्तर जग' आणि पाचवा 'विज्ञानेतिहास'. अकारविल्हे लेखांची सुरुवात सहाव्या भागापासून. पाच जाडजूड भागांची प्रस्तावना पाहून तेव्हाच्या लोकांनी कपाळाला हात लावला असेल, आणि वर्गणीदारांनी कुरकुरही केली असेल. पण त्यामागचा हेतू स्पष्ट होता. वाचकाने आधी सगळे अरण्य पाहावे, मग एकेका झाडाजवळ जावे.

त्यातही पाचव्या भागाचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. 'विज्ञान' असे नाव न देता त्यांनी 'विज्ञानेतिहास' असे दिले. शास्त्रे जन्मतात, वाढतात, एकमेकांत मिसळतात, एका देशातून दुसऱ्या देशात जातात, कधी थांबतात, कधी मरतात. त्यांचा इतिहास सांगितल्याशिवाय त्यांचे आजचे रूप कळत नाही. अंकलेखनाचेच उदाहरण घ्या. शून्यासह दहा चिन्हांनी कोणतीही संख्या लिहिण्याची रीत भारतात तयार झाली, अरबांकडे गेली, त्यांच्याकडून युरोपात गेली, आणि तेथे वाढलेल्या गणिताच्या रूपाने शेकडो वर्षांनी इंग्रजी शाळांतून आपल्याकडे परत आली. मग हे गणित कोणाचे? केतकरांच्या कोशाचा पहिलाच भाग हिंदुस्थानला जगाच्या संदर्भात ठेवतो, तो याचसाठी. आपले सगळे आधीच होते अशी फुशारकी नको आणि आपल्याकडे काहीच नव्हते असा न्यूनगंडही नको. देवघेव कशी झाली ते पुराव्याने सांगावे.

कोश छापून होईपर्यंत

आता या कामातील सर्वांत कठीण गोष्टीकडे येतो. कोश लिहिणारा लिहीत असतो आणि ज्ञान त्याच वेळी पुढे सरकत असते. केतकरांचा कोश ज्या दशकात निघाला ते दशक तर या बाबतीत विलक्षण होते.

'बुद्धपूर्व जग' हा तिसरा भाग छापून झाला होता. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथे उत्खनन नुकतेच सुरू झाले होते. १९२४ सालच्या सप्टेंबरात जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगापुढे ठेवला आणि भारताचा इतिहास एका झटक्यात दोन हजार वर्षांनी मागे गेला. बुद्धपूर्व भारतावर मराठीत लिहिलेला सर्वांत मोठा ग्रंथ हातात असताना त्यातले सर्वांत मोठे प्रकरण त्यात नाही, अशी स्थिती झाली. यात केतकरांची चूक काय? काहीच नाही. जगातल्या प्रत्येक विश्वकोशाची तीच गत झाली.

मधुमेहावरचे इन्सुलिन १९२१ साली कॅनडात सापडले आणि १९२२ सालच्या जानेवारीत पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले. ज्ञानकोशाचे भाग त्याच वर्षांत एकामागून एक छापले जात होते.

ग्रहांची गोष्ट तर आणखी मजेची. ज्ञानकोश पूर्ण झाला तेव्हा आधुनिक ज्योतिषाला ठाऊक असलेले ग्रह आठ होते. १९३० साली प्लूटो सापडला आणि जगभरचे कोश जुने झाले. आपण सगळ्यांनी शाळेत नऊ ग्रह पाठ केले. २००६ साली ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले. पुन्हा आठ. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा आकडा पुन्हा बरोबर ठरला, पण त्याचा अर्थ मात्र बदलला आहे. तेव्हाचे आठ म्हणजे तोपर्यंत सापडलेले आठ. आताचे आठ म्हणजे व्याख्येत बसणारे आठ. मधल्या काळात मिळालेले ज्ञान या दुसऱ्या आठात सामावलेले आहे.

सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे एक जीओ निघतो. काही महिन्यांनी त्यात दुरुस्ती येते, मग खुलासा येतो, मग नवा जीओ येऊन जुना रद्द होतो. नवखा कारकून वैतागतो की एकदाच काय ते नीट का लिहीत नाहीत. जुन्या माणसाला माहीत असते की परिस्थिती बदलली की नियम बदलणारच. मात्र फायलीतून जुना कागद तो फाडून टाकत नाही. कोणत्या कारणाने काय बदलले हे कळायला तो जुना कागदच लागतो. जुन्या ज्ञानकोशाचा उपयोग आज तसाच आहे. त्यातली माहिती ताजी म्हणून कोणी घेऊ नये. पण शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसाला जग कसे दिसत होते, हे पाहायला त्याच्याइतका भरवशाचा दस्तऐवज दुसरा नाही. त्यात त्या काळचे पूर्वग्रहही आहेत. जातीजमातींवरचे लेख वाचताना इंग्रज अंमलदारांच्या नजरेची छाप जाणवते, आणि आज ते वाचून आपण अस्वस्थ होतो. ज्या माणसाने मनुस्मृती तिच्या काळात ठेवून वाचायला शिकवले, त्याचा ग्रंथही त्याच रीतीने वाचावा. त्याला ते आवडलेच असते असे मला वाटते.

शीलवतीबाई

ज्ञानकोशाचे काम ऐन भरात असताना, १९२० साली, ईडिथ कोहन भारतात आल्या आणि केतकरांशी त्यांचा विवाह झाला. लंडनच्या ओळखीनंतर मध्ये जवळजवळ आठ वर्षे गेली होती आणि त्यांत एक महायुद्ध होऊन गेले होते. त्यांना हिंदू धर्मात घेण्यासाठी केतकरांनी व्रात्यस्तोम विधी केला. वैदिक परंपरेच्या बाहेर राहिलेल्यांना आत घेण्याचा हा प्राचीन विधी. पुण्यातील सनातन्यांना या लग्नाचा धक्का बसणे साहजिक होते, पण ज्याने वेदविद्येवर स्वतंत्र भाग काढला त्याला शास्त्राधार कोण शिकवणार? जुन्या ग्रंथांत बंद पडलेली वाट त्यांनी स्वतःच्या घरासाठी उघडली.

ईडिथच्या शीलवतीबाई झाल्या. त्यांनी स्वतःही मोठे काम केले. विंटरनिट्स या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला आणि कलकत्ता विद्यापीठाने तो प्रसिद्ध केला. जर्मन बाई, मराठी संसार, इंग्रजी भाषांतर, विषय संस्कृत वाङ्मय आणि प्रकाशक कलकत्त्याचे. ज्ञानाला एकच गाव नसते याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे? उतारवयात त्यांनी 'मीच हे सांगितलं पाहिजे' या नावाने मराठीत आठवणी लिहिल्या.

हैदराबादचे संमेलन आणि अखेर

केतकर केवळ कोशावर थांबले नाहीत. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'परागंदा', 'गावसासू', 'ब्राह्मणकन्या' ही त्यांतली काही नावे. जातीच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसाने कोठे जायचे, हा प्रबंधातला प्रश्न 'ब्राह्मणकन्या'त कालिंदी या मुलीच्या आयुष्यातून पुन्हा उभा राहतो. भाषा खडबडीत आहे, लालित्य नाही, अशी टीका तेव्हा झाली. नंतर दुर्गाबाई भागवतांनी 'केतकरी कादंबरी' हा खास ग्रंथ लिहून तिचे मोल दाखवले. समाज हाही एक गुंतागुंतीचा, सतत बदलणारा पसारा आहे, आणि आकडेवारीत जे सापडत नाही ते गोष्टीत सापडते, हे केतकरांनी ओळखले होते.

१९३१ साली हैदराबादेत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ही जागा लक्षात घेण्यासारखी आहे. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते, पण राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. या शहरात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले होते आणि उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर खाते, चालू होते. इंग्रजी शास्त्रग्रंथ उर्दूत आणायचे, हजारोंनी नवे शब्द घडवायचे, हे काम येथे राज्याच्या खजिन्यातून होत होते. तेच काम मराठीसाठी वर्गणी गोळा करून ज्याने केले होते, तो माणूस त्या शहरात मराठी साहित्यिकांचा अध्यक्ष म्हणून आला. आपल्या शहरातल्या मराठी वस्तीच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान असायला हवे. आपल्या मुलांपैकी किती जणांना ती ठाऊक आहे?

केतकरांची शेवटची वर्षे ओढाताणीची गेली. पैसा हाताशी नव्हता, मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही 'प्राचीन महाराष्ट्र' हा सातवाहनकाळाचा इतिहास त्यांनी लिहून काढला. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. इन्सुलिन सापडून तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती. ज्ञान जगात असणे आणि ते माणसापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंमधील अंतर कमी करण्यात या माणसाचे आयुष्य खर्ची पडले होते.

पुढची पायरी

त्यांचे काम थांबले नाही. ज्ञानकोशात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे या दोघांनी पुढे सात भागांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि नंतर 'सुलभ विश्वकोश' काढला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे केले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे. त्यात कोणीही लिहू शकतो, कोणीही दुरुस्त करू शकतो आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती नोंदलेली राहते. केतकरांचे तेवीस भागही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संगणकावर आणले आहेत. आता ते वाचायला पुण्याच्या ग्रंथालयात जावे लागत नाही. घरबसल्या फोनवर उघडतात.

तेव्हा दर्शनाची रांग आणि आरती आटोपल्यावर एखाद्या संध्याकाळी मुलांना जवळ बसवून ज्ञानकोशातला एक लेख उघडावा. आपल्या मूळ गावावरचा असेल, आडनावावरचा असेल, हैदराबादवरचा असेल. त्यात काय बरोबर आहे, काय बदलले आहे आणि काय मुळातच चुकले होते, ते मुलांनाच शोधू द्यावे. मग त्याच विषयावर आज काय ठाऊक आहे, ते चार ओळींत मराठीतून लिहायला सांगावे. घरात बँकेत काम करणारा असेल, औषधाच्या कारखान्यात काम करणारी असेल, संगणकावर काम करणारी असेल. प्रत्येकाने आपल्या धंद्यातल्या दहा गोष्टी मराठीत समजावून लिहिल्या, तरी पुष्कळ होईल. शब्द अडतील. अडू द्यावेत. काही शब्द उज्जसारखे मरतील, एखादा नत्रासारखा जगेल.

विद्या चौदाच होत्या, तेव्हा त्या पाठ करता येत होत्या. आता त्या मोजता येत नाहीत आणि रोज वाढतात. त्यांच्या अधिपतीपुढे हात जोडताना आपल्या भाषेतून त्यात आपण काय भर घातली, एवढे आठवले तरी डॉ. केतकरांचे स्मरण केल्यासारखे होईल.